शेवटच्या मैलापर्यंत

सन १९१६ च्या जुलै महिन्याची ४ तारीख होती. अमेरिकेचा हा स्वातंत्र्यदिन. या दिवशी तेथे गावोगाव मिरवणुका निघतात, घराघरांवर निशाणे फडकतात आणि रात्री आतषबाजीने आकाश उजळून जाते. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात शीप्सहेड बे नावाचे ठिकाण आहे. तेथे त्या काळी शर्यतींचे एक विस्तीर्ण मैदान होते. त्या मैदानातून त्या दिवशी दोन मोटारसायकली बाहेर पडल्या. एकीवर होती ऑगस्टा व्हॅन ब्युरेन आणि दुसरीवर तिची धाकटी बहीण ॲडलीन. थोरलीला जिव्हाळ्याची माणसे गसी म्हणत, धाकटीला ॲडी. अटलांटिक महासागर पाठीशी ठेवून दोघींनी पश्चिमेची वाट धरली. त्यांना जावयाचे होते ते थेट पॅसिफिक महासागरापर्यंत, म्हणजे खंडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

केवळ हौसेखातर आरंभलेला प्रवास अर्ध्यावर सोडला, तर त्यात कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु या दोघी बहिणी केवळ हौसेखातर निघाल्या नव्हत्या. त्यांना एक गोष्ट सिद्ध करून दाखवावयाची होती, आणि शेवटचा मैल ओलांडल्यावाचून ती सिद्ध होणार नव्हती.

ती गोष्ट कोणती हे समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. युरोपात १९१४ सालीच पहिले महायुद्ध पेटले होते. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. पण आज ना उद्या आपल्यालाही उतरावे लागेल, तेव्हा आधीच सज्ज असावे, असे तेथील अनेकांना वाटू लागले होते. युद्धात तोफा आणि बंदुका यांच्याइतकेच महत्त्व निरोपाला असते. एका तळावरील हुकूम दुसऱ्या तळावर वेळेवर पोहोचला नाही, तर हाती आलेला जय निसटतो. तारा तुटल्या की तारायंत्र आणि टेलिफोन दोन्ही मुके होतात. अशा वेळी मोटारसायकलवर बसून, रात्र असो की पाऊस, खाचखळग्यांतून निरोप नेणारा स्वारच उपयोगी पडतो. हे काम आपण स्त्रियाही करू शकू, आणि त्यामुळे तितके पुरुष आघाडीवर जाण्यास मोकळे होतील, असे या बहिणींचे म्हणणे होते.

या म्हणण्यामागे आणखी एक विचार होता. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक राज्यांत स्त्रियांना मत देण्याचा अधिकार नव्हता. 'देशावर संकट आले, तर स्त्रिया काही रणांगणावर जाणार नाहीत. मग देशाच्या कारभारात त्यांना मत कशाला हवे?' असा युक्तिवाद वारंवार केला जाई. लष्कराचे एक अवघड काम स्त्रियांनी अंगावर घेतले, म्हणजे हा युक्तिवाद आपोआप लटका पडेल, अशी ऑगस्टा आणि ॲडलीन यांची खात्री होती. स्त्रीने मनावर घेतले, तर ती करू शकते, अशा आशयाचे ऑगस्टाचे एक वचन आजही सांगितले जाते. परंतु नुसत्या बोलण्याने कोणाचे समाधान होत नाही. म्हणून दोघींनी वादविवाद बाजूला ठेवला आणि रस्त्यालाच परीक्षक नेमले.

अमेरिका खंड ओलांडणाऱ्या स्त्रिया याआधीही झाल्या होत्या. १९०९ साली ॲलिस रॅमसी हिने तीन सहप्रवासिनींना सोबत घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटार हाकली होती. १९१५ साली एफी हॉचकिस हिने आपल्या आईला मोटारसायकलच्या बाजूगाडीत बसवून तोच पल्ला गाठला होता. व्हॅन ब्युरेन भगिनींची गोष्ट थोडी वेगळी होती. येथे प्रत्येकीची मोटारसायकल स्वतंत्र होती. एकीने हाकावे आणि दुसरीने बसावे, असा प्रकार नव्हता. आपले यंत्र आपणच चालवावयाचे, आणि पडले तर आपणच उभे करावयाचे. दोन स्त्रियांनी दोन स्वतंत्र मोटारसायकलींवरून खंड पार करण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता.

त्यांच्या मोटारसायकली 'इंडियन' या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या होत्या. त्या जातीला 'पॉवर प्लस' असे नाव होते. एकेकीची किंमत २७५ डॉलर. मोठ्या ताकदीचे इंजिन, पण पुढचा दिवा मात्र विजेचा नव्हे, तर वायूवर जळणारा. त्याच्या अपुऱ्या उजेडात समोरचा खड्डा दिसला, तर दैव बरे म्हणावयाचे. आणि रस्ता? न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को जोडणाऱ्या लिंकन महामार्गाची घोषणा १९१३ साली झाली होती खरी; परंतु शहरांचा आसपास सोडला, तर त्याचा बराचसा भाग म्हणजे नुसती मातीची वाट होती. ऊन पडले की धूळ आणि पाऊस पडला की चिखल, हीच त्या महामार्गाची दोन रूपे. अशा वाटेवरून दोघी बहिणींना सुमारे ५,५०० मैल, म्हणजे जवळजवळ ८,८५० किलोमीटर जावयाचे होते. आपल्याकडे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जेवढे अंतर भरते, त्याच्या दुपटीहून हे अधिक आहे.

पहिला अडथळा निसर्गाने नव्हे, तर माणसांनी उभा केला. मोटारसायकलवर घोळदार झगा घालून बसणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे. म्हणून दोघींनी लष्करी धर्तीचा पोशाख केला होता. चामडी विजार आणि पोटऱ्यांवर घट्ट आवरणे, असे त्याचे स्वरूप होते. शिकागो शहर मागे पडले आणि लहान लहान गावे लागली, तेव्हा तेथील पोलिसांनी त्यांना अडविण्यास सुरुवात केली. वेग जास्त होता म्हणून नव्हे, किंवा कोणाला धक्का दिला म्हणूनही नव्हे. स्त्रियांनी पुरुषांचा वेष केला, हाच त्यांचा गुन्हा! असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. प्रत्येक वेळी सुटका झाल्यावर दोघी पुन्हा यंत्रावर बसल्या आणि वाटेला लागल्या. झगा मात्र त्यांनी घातला नाही.

पुढे कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या रांगा आल्या. तेथे पाइक्स पीक नावाचे उत्तुंग शिखर आहे. त्याची उंची १४,१०० फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. शिखरापर्यंत मोटारी जाण्याजोगा घाटरस्ता तेव्हा नुकताच तयार झाला होता. हे शिखर काही त्यांच्या वाटेवर आडवे आलेले नव्हते. ते टाळून सहज पुढे जाता आले असते. पण परीक्षाच द्यावयाची, तर कठीण प्रश्न सोडून कसे चालेल? वर जावे तसतशी हवा विरळ होत जाते. माणसाला धाप लागते आणि इंजिनाचीही शक्ती कमी पडते. एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी, अशी ती वळणावळणांची वाट चढून दोघी बहिणी माथ्यावर पोहोचल्या. मोटारसायकलवरून त्या शिखरावर जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया ठरल्या.

परंतु शिखर चढणे सोपे वाटावे, असा प्रसंग पुढेच होता. रॉकी पर्वत ओलांडीत असता मुसळधार पावसाने त्यांना गाठले. वाटेचा चिखल झाला. चाके त्यात रुतली, ती काही केल्या निघेनात. अखेर मोटारसायकली तेथेच सोडून दोघी भिजत, थकलेल्या पायांनी चालू लागल्या आणि गिलमन नावाच्या खाणकामगारांच्या वस्तीत येऊन पोहोचल्या. अवेळी दारात आलेल्या, चिखलाने माखलेल्या या दोन स्त्रियांना पाहून तेथील कामगार चकित झाले असतील. पण त्यांनी त्यांना निवारा दिला, खाऊ घातले आणि नंतर चिखलातून मोटारसायकली बाहेर काढण्यास हातभारही लावला. वेषासाठी अडविणारी माणसे ज्या देशात होती, त्याच देशात कोण, कुठल्या हे न विचारता मदतीस धावणारी माणसेही होती.

पर्वत संपला आणि वाळवंट सुरू झाले. युटा राज्यातील सॉल्ट लेक शहराच्या पश्चिमेस कोरड्या, ओसाड जमिनीचा फार मोठा पट्टा पसरलेला आहे. त्या शहरापासून सुमारे १०० मैलांवर दोघी वाट चुकल्या. वाळूत वाट कोठे आणि माळ कोठे, हे ओळखू येईना. बरोबरचे पाणी संपले. वर ऑगस्ट महिन्याचे ऊन आणि खाली तापलेली वाळू. शिखर चढताना धैर्य उपयोगी पडते, चिखलात बळ उपयोगी पडते. पण पाणी नसलेल्या वाळवंटात या दोहोंचाही फारसा उपयोग होत नाही. सुदैवाने खनिजांच्या शोधात हिंडणारा एक मनुष्य आपली घोडागाडी घेऊन तेथे आला. त्याच्या गाडीत पाणी होते. त्या पाण्याने दोघींचे प्राण वाचले.

या प्रसंगानंतर त्या माघारी फिरल्या असत्या, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. मोटारसायकली आगगाडीत चढवून घरी परतणेही शक्य होते. पण मग 'स्त्रियांना एवढेच जमते' असे म्हणणाऱ्यांच्या हाती आयते उदाहरण सापडले असते. बहिणी पुढे निघाल्या.

या प्रवासातील एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. न्यूयॉर्क राज्यात १९१६ साली स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. पण ज्या कोलोरॅडोच्या पर्वतात त्या चिखलात अडकल्या, त्या राज्यातील स्त्रिया १८९३ पासून मत देत होत्या. ज्या युटाच्या वाळवंटात त्या वाट चुकल्या, तेथील स्त्रियांना १८९६ पासून तो अधिकार होता. आणि ज्या कॅलिफोर्नियात प्रवास संपावयाचा होता, तेथे तो १९११ सालीच मिळाला होता. म्हणजे या दोघी जसजशा पश्चिमेकडे सरकत होत्या, तसतशा त्या अधिक मोकळ्या भूमीत प्रवेश करीत होत्या. देश एकच, मैल तेच. पण एका ठिकाणी जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते दुसऱ्या ठिकाणी रोजच्या व्यवहारातले झाले होते.

अखेर सॅन फ्रान्सिस्को आले आणि पॅसिफिक महासागराचे दर्शन घडले. खंड पार झाला होता. तेथेच यंत्रे थांबविली असती, तरी प्रवास पूर्ण झाला असे सर्वांनीच मानले असते. परंतु दोघींनी समुद्रकाठच्या मुलखातून दक्षिणेची वाट धरली. ८ सप्टेंबर रोजी त्या लॉस एंजेलिसला पोहोचल्या. त्यावरही न थांबता त्या देशाच्या सीमेपर्यंत गेल्या आणि सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना गावात शिरल्या. आता पुढे आपल्या देशाची भूमीच उरली नव्हती. दोन महिन्यांहून अधिक काळ चाललेला प्रवास खऱ्या अर्थाने पुरा झाला.

निघताना दोघी होत्या, पोहोचतानाही दोघीच होत्या. हे वाक्य साधे दिसते; पण त्यात या प्रवासाचे सारे मर्म आहे. मोटारसायकलवर शेजारी बसून गप्पा मारता येत नाहीत. प्रत्येकीला आपल्याच इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि आपल्यापुरताच रस्ता दिसतो. तरीही चिखलातून एकटीने चालत जाणे वेगळे आणि बहिणीच्या पावलाशी पाऊल जुळवून चालणे वेगळे. दोघींपैकी कोणीही दुसरीला ओढून नेले नाही. पण दुसरी बरोबर नसती, तर पहिली एवढ्या दूर पोहोचली असती असे ठामपणे म्हणता येत नाही. भावंडांचे खरे साह्य पुष्कळदा असेच असते. ते आपले ओझे उचलीत नाही. ओझे उचलण्याचे बळ देते.

आता त्या परीक्षेच्या निकालाविषयी. दोघींनी लष्करात निरोप नेणाऱ्या स्वारांचे काम मिळावे म्हणून अर्ज केले. ५,५०० मैलांचे प्रशस्तिपत्र त्यांच्या पदरी होते. तरीही ते अर्ज नाकारण्यात आले. मोटारसायकलींना वाहिलेल्या एका मोठ्या नियतकालिकाने त्यांच्या यंत्राची वाहवा केली, पण स्वारांचे कौतुक केले नाही. त्यांच्या या प्रवासाला त्याने सुटीतील सहल ठरविले. एका वृत्तपत्राने तर, घरकामातून सुटका करून घेण्यासाठी आणि झोकदार गणवेष मिरविण्यासाठी या बायकांनी देशसेवेचे निमित्त केले, असा कुत्सित आरोप केला.

अशा वेळी मनुष्याला वाटते, की मग एवढे कष्ट कशासाठी केले? चिखल तुडविला, तहान सोसली, अपमान गिळला. आणि ज्या दारासाठी हे सारे केले, ते दार उघडलेच नाही. दोघींना याचे दुःख झाले नसेल, असे कसे म्हणावे? परंतु प्रवास पुरा झाला, ही गोष्ट आता कोणालाही पुसून टाकता येणार नव्हती. अर्जावर नकार लिहिता येतो. पार केलेल्या मैलांवर तो लिहिता येत नाही.

काळ पुढे गेला. १९१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या नौदलाने कारकुनी कामांसाठी स्त्रियांना भरती करून घेण्यास प्रारंभ केला आणि एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील स्त्रियांना मताधिकार मिळाला. १९२० साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन, स्त्री आहे एवढ्याच कारणाने कोणालाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे ठरले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या महिला दलातील तरुणी मोटारसायकलवरून निरोप पोहोचविण्याचे काम करीत होत्या. आणि २६ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात आपल्या सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' या महिला पथकाने मोटारसायकलींवरील चित्तथरारक कसरती साऱ्या देशाला दाखविल्या. हे सारे काही त्या दोन बहिणींमुळेच घडले असे नाही. अशा मोठ्या गोष्टी असंख्य माणसांच्या प्रयत्नांतून घडतात. पण त्या प्रयत्नांत या दोघींचे ५,५०० मैलही आहेत.

नकार आला म्हणून बहिणी हात जोडून बसल्या नाहीत. ॲडलीनने शिक्षणक्षेत्रातील आपले काम चालू ठेवले आणि न्यूयॉर्क विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळविली. ऑगस्टा विमान चालविण्यास शिकली. सुप्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्ट या ज्या महिला वैमानिकांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या, त्या 'नाइन्टी-नाइन्स' संघटनेत तीही सामील झाली. रस्ता थांबला, तेव्हा एकीने कायद्याची वाट धरली आणि दुसरीने आकाशाची!

त्यांच्या पराक्रमाची योग्य ती दखल घेतली गेली, ती फार उशिरा. २००२ साली अमेरिकेतील मोटारसायकलस्वारांच्या कीर्तिमंदिरात दोघींच्या नावांचा समावेश झाला. तो दिवस पाहण्यास दोघींपैकी कोणीही हयात नव्हती. २०१६ साली त्यांच्या प्रवासाला शंभर वर्षे झाली, तेव्हा अनेक स्त्रियांनी मोटारसायकलींवरून पुन्हा ब्रुकलिनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत प्रवास केला. या वेळी त्यांच्या विजारींवरून कोणी त्यांना अडविले नाही.

हाती घेतलेले काम पुरे केले, की त्याचे फळ लगेच पदरात पडते, असे नाही. कधी ते उशिरा येते. कधी दुसऱ्याच्याच पदरात पडते. पण काम अर्ध्यावर टाकले, तर ते कोणाच्याच पदरात पडत नाही. ऑगस्टा आणि ॲडलीन शेवटच्या मैलापर्यंत गेल्या, म्हणूनच त्यांच्यामागून येणाऱ्यांना पुढचा मैल दिसला.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्हॅन ब्युरेन भगिनींचा प्रवास कोठून आणि कोणत्या दिवशी सुरू झाला?
(आ) लहान गावांतील पोलिसांनी त्यांना का अडविले?
(इ) वाळवंटात त्यांचे प्राण कोणी वाचविले?

२. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) युद्धात निरोप नेणाऱ्या स्वाराचे महत्त्व कोणते?
(आ) पश्चिमेकडे जाताना या बहिणी 'अधिक मोकळ्या भूमीत' प्रवेश करीत होत्या, असे का म्हटले आहे?

३. 'अर्जावर नकार लिहिता येतो. पार केलेल्या मैलांवर तो लिहिता येत नाही.' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचार आपल्या वाक्यांत वापरा : वाट धरणे, मनावर घेणे, हातभार लावणे, पदरात पडणे.

५. भावाने किंवा बहिणीने आपल्याला बळ दिल्याचा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.